निळ्या फुलांची खुरपणी

हरसूलच्या वरचा पाडा
(नेमकं नाव विचारलं, तर तिघांनी तीन सांगितली)
मंगळवार, न्याहारीनंतर

आदरणीय दाजी,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे मोतीरामचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (कागदावर ठेवलंय, कारण खरोखर वाकायचं तर सध्या उठवायला दोन माणसं लागतात.) तुमची शुगर, कुसाअक्काची कंबर आणि चाळीतला कांदा, तिघांचंही बरं चाललं असेल अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम आहे. डाव्या पायाचं नख गेलं, पण ते तसंही जुनंच होतं.

फोन का केला नाही म्हणून रागावू नका. इथे रेंज एकाच दगडावर येते आणि त्या दगडावर दिवसभर गोजराबाईची शेळी बसलेली असते. शिवाय फोनवर माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही ओरडता. पत्रात माणसाला निदान शेवटापर्यंत जाता येतं.

तर तुम्ही मला ज्या कामावर पाठवलंत त्याचा हा वृत्तान्त. तुमची हर्षाली बारा वर्षं कांद्यावरच्या काजळीचा, म्हणजे त्या काळ्या बुरशीचा, अभ्यास करत होती, डॉक्टर झाली, पांढरा कोट मिळाला, आणि एक दिवस तो कोट खुंटीला लावून लोकांना डोंगर दाखवत फिरायला लागली. तेव्हापासून सात महिने तुम्ही तिच्याशी बोललेला नाहीत. प्रयोगशाळेने महिनाअखेरपर्यंत तिची जागा राखून ठेवलीय, तेव्हा ‘मोतीराम, तू गिऱ्हाईक होऊन तिच्या सहलीला जा आणि पोरीला समजावून विंचूरला घरी घेऊन ये,’ असं तुम्ही म्हणालात. मीही म्हटलं, त्यात काय, भाच्चीच तर आहे. समजावणं अवघड नव्हतं हो, दाजी. तिला गाठणं अवघड होतं. मी बोलण्यापुरता श्वास गोळा करेपर्यंत ती पुढच्या वळणावर असायची.

निघायच्या आधीच तिने झाडाला वजनकाटा टांगून सगळ्यांच्या पिशव्या तोलल्या. सात किलोच्या वर न्यायचं नाही म्हणे. माझी चौदा भरली. नवसाबाईने (आमची ही कशी बांधून देते ते तुम्हाला ठाऊक आहे) बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोन डबे लाडू आणि उशी दिली होती. उशी उतरली, लाडू सगळ्यांत वाटले गेले. खुरपं मात्र कमरेला खोचलेलं होतं, ते तोललंच गेलं नाही. चाळीस वर्षं भाजीच्या वाफ्यांत घालवलेल्या माणसाची कंबर त्याच्याशिवाय मोकळी मोकळी वाटते.

आम्ही नऊजण होतो. त्यांत बँकेतला महेश नावाचा एक गृहस्थ गळ्यात तीन कॅमेरे घालून आला होता. पोरगी वाटाडी झाली तरी तिच्यातली शास्त्रज्ञ काही गेलेली नाही. पाऊस येईल का विचारलं तर ‘येईल’ म्हणत नाही, ‘दहांत सहा’ म्हणते. चहा गोड झाला की वहीत लिहिते आणि दुसऱ्या दिवशी अर्धा चमचा कमी घालते. महेशने विचारलं, इकडे बिबट्या असतो का हो मॅडम. ती शांतपणे म्हणाली, ‘असतो ना. त्याने आपल्याला कालच बघितलंय.’ त्यानंतर महेश रांगेच्या बरोबर मधोमध चालायला लागला. (मधोमध मी आधीच होतो, त्यामुळे थोडी ढकलाढकली झाली.)

हे सगळे लोक दोन दिवस चालून आले ते एका निळ्या फुलासाठी. वीतभर झाड, वर्षातून आठ दिवस फुलणारं. हर्षालीने त्याचं शास्त्रीय नाव सांगितलं. मी एकदा म्हणून पाहिलं आणि जीभ चावली. ज्यांच्या ओसरीवर आम्ही उतरलो होतो त्या गोजराबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘त्याला काय नाव नाय बाबा. गुरं खात नाय, मंग नाव कशाला ठिवायचं?’

आता मुद्द्यावर येतो. (कुसाअक्का वाचून दाखवत असेल तर तिने इथे पाणी प्यावं.)

तिसऱ्या दिवशी उजाडताच मी पठारावर फिरायला गेलो. सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या, कडेला सुतळीने आखलेला चौरस वाफा दिसला. कोपऱ्यांवर खुंट्या, खुंट्यांवर हर्षालीच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. आणि आत नुसतं तण माजलेलं. म्हटलं, पोरीने एवढा वाफा आखला, पण शिकलेली माणसं, खुरपणार कोण? हिला वेळ मिळत नसेल, आणि मामा असून आपण हातावर हात ठेवून बसायचं? दीड तास बसून एकटाकी खुरपला. असा स्वच्छ केला की वर पापड वाळत घालावेत. एक टाकळा तेवढा राखला, कारण त्याची भाजी होते.

निळी फुलं अख्ख्या पठारावर तेवढ्याच चौरसात होती, आणि पुरती उमलायची होती. कळ्या मिटलेल्या असल्या की तण आणि फूल सारखंच दिसतं, हे मला आता कळलंय.

नऊ वाजता मंडळी वर आली तेव्हा मी हात धुऊन कौतुकाच्या तयारीत उभा होतो. हर्षालीने वाफा पाहिला, टाकळा पाहिला, मग मला पाहिलं. महेश म्हणाला, ‘मॅडम, फूल कुठंय?’ मी म्हणालो, ‘बांधावर टाकलंय.’

मला वाटलं, आता पोरीचं नाव गेलं. लोक चिडून उतरणार, चार ठिकाणी सांगणार, आणि तुमचं काम माझ्या खुरप्याने झालं. क्षणभर बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिने सगळ्यांना त्या ढिगाभोवती बसवलं आणि म्हणाली, ‘फूल सगळ्यांनाच बघायला मिळतं. आज मामांमुळे मुळं बघू.’ मग ती दोन तास मुळांवर बोलली. एकेक रोप हातावर घेऊन, बाळाचं डोकं धरावं तसं. कुणी हललं नाही. महेशने माझ्या ढिगाचे दोनशे फोटो काढले. बारा वर्षांत त्या काजळीने तरी तिचं एवढं मन लावून ऐकलं असेल, असं मला वाटत नाही.

नंतर धड राहिलेली रोपं निवडून आम्ही पुन्हा लावली. तेवीस भरली. मंडळी परवा नाशिकला गेली. हर्षाली आणि मी राहिलो. मी वाफ्याशी छत्री धरून बसतो. छत्री रोपांवर, मी उन्हात. गोजराबाई येता-जाता म्हणतात, ‘गुरं खात नाय त्याला सावली, आन् मानूस भाजतंय.’

अक्काला नमस्कार. कांद्याला वारा लागू द्या.

आपला आज्ञाधारक (मनाने तरी),
मोतीराम

ता. क. : जागेचा विषय मी काढला होता. प्रयोगशाळेला तिने ‘येत नाही’ असं पंधरा दिवसांपूर्वीच कळवलंय. म्हणजे तुम्ही मला पाठवलंत तेव्हाच काम संपलेलं होतं. मी पुढे वाद घातला नाही, हातात पाण्याचा तांब्या होता.

ता. क. दुसरा : तेविसांपैकी नवांनी माना टाकल्यात. उपटायचं मला छान येतं, पण लावलेलं जगवायचा हात तुमचा. गारपिटीनंतर तुम्ही कांद्याचं रोप कसं उभं केलंत ते मी पाहिलंय. गोजराबाईंकडे तुमचा बिछाना सांगून ठेवलाय. हरसूलपर्यंत जीप मिळते, पुढे मी घ्यायला येतो.

ता. क. तिसरा : हे पत्र हर्षालीला दाखवलेलं नाही. आज सकाळी ती त्या नऊ रोपांपाशी उकिडवी बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘मामा, दादांनी आत्ता पाणी दिलं असतं, का थांबले असते?’ तिचे दादा म्हणजे तुम्ही, मी काय सांगणार? तेवढंच येऊन सांगा, बाकी काही बोलला नाहीत तरी चालेल. पण फोनवर सांगू नका. फोन मी उचलणार नाही.