परसातल्या वळणाची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, या गावच्या शाळेचा निवृत्त क्रीडाशिक्षक, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. स्वयंपाकघरातून अधूनमधून येणाऱ्या सूचनांना कायद्याने दडपण समजू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण शर्यत चालू असताना निकाल लावायची मला सवय नाही.

कलम १. राहते घर (परस वगळून), भांडीकुंडी आणि बँकेतली ठेव माझ्या पत्नीला, तिच्या हयातीपर्यंत. तिच्यानंतर घर आमच्या चिरंजीवाला. चिरंजीव मोठ्या शहरात असतो. सुट्टीला आला की गाडी कुठे लावायची यावर दोन दिवस बोलतो आणि तिसऱ्या दिवशी जातो. स्वभावाने वाईट नाही. शाळेत असताना मी त्याला फुटबॉलच्या संघात घेतले नाही, हा राग त्याने अजून जपून ठेवला आहे. त्याने एकदाचे समजून घ्यावे की चेंडू समोर आला की डोळे मिटणाऱ्याला गोलरक्षक करता येत नाही, मग तो पोटचा का असेना.

कलम २. माझी शिट्टी शाळेच्या सध्याच्या क्रीडाशिक्षिकेला. ती माझीच विद्यार्थिनी. गाव तिला अजून उंच उडीवाली म्हणते. शिट्टी आधी उकळत्या पाण्यातून काढून घ्यावी. स्टॉपवॉचही तिलाच. ते किंचित हळू चालते. त्याने मुलांचा आत्मविश्वास वाढतो, तेव्हा दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये.

कलम ३. उड्या मारायची दोरी गणिताच्या बाईंना. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून त्या माझे पीटीचे तास मागून घ्यायच्या. "सर, आजचा एकच हं." तो एकच तास मी निवृत्त होईपर्यंत संपला नाही. आता त्याही निवृत्त आहेत. त्यांनी रोज सकाळी दोरीवर उड्या माराव्यात. मोजता त्यांना येतेच.

कलम ४. खरे तर याच कलमासाठी मी लिहायला बसलो. शाळेचे मैदान धावपट्टीला अपुरे पडत होते. पट्टी आखायची तर शेवटचे वळण नेमके आमच्या परसात येत होते. मी परसाची भिंत पाडली आणि पांढऱ्या फक्कीने वळण आखून टाकले. तेव्हापासून शाळेची प्रत्येक शर्यत आमच्या स्वयंपाकघराच्या दारावरून, कपड्यांच्या दोरीखालून जाते. आमची मुले दोरी आली की आपोआप वाकतात. बाहेरच्यांना हे माहीत नसते. एका रिलेत पाहुण्या संघाचा सगळ्यात वेगवान मुलगा वळण चुकला आणि सरळ स्वयंपाकघरात शिरला, तिथून बैठकीच्या खोलीत आणि तिथून पुढच्या दाराने रस्त्यावर. हातात बॅटन तसाच. पत्नी त्याच्यामागे पाण्याचा पेला घेऊन गेली आणि "कोणाकडे आला होतास रे?" म्हणून विचारू लागली.

त्यांच्या सरांनी तक्रार केली. आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक, ज्यांच्याशी माझे कधीच पटले नाही, म्हणाले की शाळेची शर्यत खासगी घरातून जाऊ शकत नाही, वळण नियमबाह्य आहे. त्यांनी मला नोटिसा दिल्या. मी त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर संघ लिहिले. पत्नीही त्यांच्याच बाजूची. "भिंत बांधून घ्या" हे ती जितक्या वेळा म्हणाली असेल तितक्या वेळा मी शिट्टीही वाजवली नसेल.

माझ्यामागे हे वळण टिकावे म्हणून या कलमात मी आधी लिहिले होते की परसाची जागा शाळेला दान द्यावी. पत्नी साक्षीदार म्हणून सही करणार होती, म्हणून तिला वाचून दाखवले. तिने चिरत असलेली भाजी बाजूला सारली.

"शाळेला? अहो, संस्थेचे नवे अध्यक्ष मैदानावर दुकानांचे गाळे काढायला निघालेत. त्यांना मागच्या रस्त्यावर जायला वाट हवी आहे, ती आपल्या परसातूनच. आणि तुम्ही ती फुकट देताय."

मला यातले काही ठाऊक नव्हते. "मग चिरंजीवाला देऊ?"

"तो गाडी लावेल. माझ्या नावावर करा."

"तुला तर भिंत हवी होती."

"मला आडोसा हवा होता. पोरं बंद व्हायला नको होती. जाता जाता 'काकू, बाजूला व्हा' म्हणून ओरडतात ती. तुम्ही गेल्यावर या घरात मला दुसरं कोण हाक मारणार आहे?"

मी इतका वेळ वळणाचा विचार करत होतो. ती मागे एकटी राहील हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. मला फार वाईट वाटले. थोडे बरेही वाटले.

म्हणून कलम ४ असे वाचावे : परसाची सर्व जागा पत्नीच्या एकटीच्या मालकीची राहील, तिच्यानंतर उंच उडीवालीच्या. तिथे भिंत, फाटक, गाळा किंवा चिरंजीवाची गाडी येणार नाही. कपड्यांची दोरी किती उंच बांधायची हे पत्नी ठरवील.

कलम ५. जिला जागा मिळते तिने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी फोनवर सांगितले. गावचे डॉक्टर साक्षीला येणारच होते. रविवारच्या दुपारी हाकेच्या अंतरावर दुसरा जाणता माणूस एकच, तो म्हणजे तेच मुख्याध्यापक. पत्नी स्वतः जाऊन त्यांना घेऊन आली. त्यांनी हे सगळे दोनदा वाचले, नोटिसांच्या ओळीवर थांबून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि पेन मागितले. सहीपुढे त्यांनी स्वतःचा शेरा लिहिला आहे. तो त्यांनी मला खोडू दिला नाही.

ठिकाण : राहते घर, मागचे दार
दिनांक : ३ डिसेंबर २०२३, रविवार

(सही) निवृत्त क्रीडाशिक्षक

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत वरील सही झाली.

साक्षीदार १ : (सही) गावचे डॉक्टर. लिहिणारा शुद्धीवर आहे. मीठ कमी करावे.

साक्षीदार २ : (सही) निवृत्त मुख्याध्यापक. वळण नियमबाह्य आहे, हे माझे मत कायम आहे. ते बंद करायला कोणी आल्यास मला ताबडतोब बोलवावे.