आतली कडी

चि. भिंगरीस,

वाचनालयातून तुझ्या आईच्या नावावर प्रेमकथेची कादंबरी आणलीय. वर्तमानपत्राचं कव्हर घालून चोरून वाचतो. हसू नकोस, भारी मजा येते! नायिकेनं घरच्यांना न जुमानता त्या सुताराशी लग्न केलं, तेव्हा मी टाळीच वाजवली. मग दोघं तिच्या माहेरी येतात, तर बाप आतून कडी लावून बसलेला. माझं डोकंच फिरलं. ओरडलो, "अरे गाढवा, दार उघड की!"

तुझी आई भांडी विसळत होती. म्हणाली, "लेक-जावई आपल्या दारात उभे होते, तेव्हा मीही हेच ओरडले होते. फक्त 'गाढवा' म्हणाले नव्हते."

पुढचं पान उलटवत नाही. हे पत्र टाकायलाही तोंड नाही. कडी मात्र आज काढून ठेवलीय.

तुझा,
गाढव