जेरिकोने जावं की राहावं

१९ मार्च १९८८

हरलो. दोन गुणांनी!

पण काय खेळलो! आमचं एवढंसं कॉलेज, राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत पहिल्यांदाच दुसऱ्या फेरीत. जेरिकोने एकट्याने चौतीस गुण केले. शेवटचा चेंडू रिंगवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. परतताना बसमध्ये माझ्याशेजारी येऊन बसला. एवढा सहा फूट नऊ इंचांचा पोरगा, गुडघे पार हनुवटीला लागलेले. "कोच, माझं चुकलं." म्हटलं, "गप झोप."

गावाच्या वेशीवर लोक गाड्यांचे दिवे लावून उभे होते. हरलेल्यांसाठी! या कडाक्याच्या थंडीत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते पोरांना दिसलं नाही, हे एक बरं. एकोणीस वर्षं प्रशिक्षक आहे मी. असं कधी मिळालं नव्हतं.

२३ मार्च

पेपरवाले सारखे तेच विचारतात: जेरिको टॅलमन हा कॉलेज सोडून प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, होणार का? अजून दोन वर्षं आहेत त्याची. पण एकदा प्रो संघांच्या निवडीसाठी नाव दिलं की संपलं, कॉलेजकडून पुन्हा खेळता येत नाही.

बोमन येऊन गेले. क्रीडा विभागाचे प्रमुख, त्यामुळे माझ्या खुर्चीत बसले. "वेन्डेल, पोराला राहायला सांगा. तो असला तर पुढच्या वर्षी हॉल भरेल, तुमचा करारही वाढेल. नसला तर…" आणि छान हसले.

२६ मार्च

दिवसभर पाऊस आणि बर्फ एकत्र. आर्डिसने बीफचा रस्सा केला. दोन वाट्या खाल्ल्या. बायको चांगली मिळाली, हे लिहून ठेवतो. तोंडावर बोलायला जमत नाही.

३ एप्रिल, ईस्टर

जेरिकोच्या आईने, व्हर्नेलने, एव्हान्सव्हिलला जेवायला बोलावलं. हॅम, पालेभाजी, मॅकरोनी. ताट रिकामं दिसलं की वाढतेच. "खा कोच, तुमच्या बायकोने उपाशी ठेवलेलं दिसतंय!" आर्डिस खो खो हसली.

व्हर्नेल लोकांचे केस कापते. दिवसभर उभी. नवरा गेल्यावर एकटीने पोरगा वाढवला. जेवण झाल्यावर हात पुसत म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी याच टेबलाशी बसून तुम्ही मला शब्द दिला होतात. डिग्री घेतल्याशिवाय याला सोडणार नाही म्हणालात."

"म्हणालो होतो."

"आमच्या घरात आजवर कुणाला डिग्री नाही. हा पहिला. चेंडू काय, आज उडतो, उद्या बसतो."

जेरिको खाली मान घालून गोड पाई खात होता. पिकान नटची पाई, अख्खी चतकोर! आईपुढे हा पोरगा पाच फुटांचा होतो.

१२ एप्रिल

जिममध्ये आम्ही दोघंच. मी चेंडू परत देतोय, तो टाकतोय. मध्येच थांबला.

"कोच, आईचं म्हणणं मला माहीत आहे. बोमनसाहेबांचंही माहीत आहे. तुमचं काय?"

"तुझं काय ते आधी सांग."

बराच वेळ चेंडू नुसता आपटत राहिला. मग म्हणाला, "इथे मला आता कुणी अडवत नाही, कोच. रोज सरावात मीच जिंकतो. मला हरवणारी माणसं हवीत." आणि लगेच, "पण तुम्ही म्हणालात ना राहा, तर राहीन. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत."

तिथेच माझी पंचाईत झाली. एवढं केलंत! मी 'राहा' म्हणालो असतो तर पोरगा उपकार फेडायला राहिला असता.

दोन दिवस दे म्हटलं.

१३ एप्रिल

आर्डिसला सगळं सांगितलं. ती भांडी विसळत होती.

"बोमन नसता, व्हर्नेलला शब्द दिलेला नसता, तर तू काय म्हणाला असतास?"

"जा म्हणालो असतो."

"मग आता भांडी पूस."

१४ एप्रिल

सांगितलं. "जा. माझ्याकडे तुला शिकवायला आता काही उरलेलं नाही. पण दर उन्हाळ्यात इथे यायचं, वर्गात बसायचं, डिग्री पुरी करायची. आईला तसं वचन दे."

त्याने मला मिठी मारली. बरगड्या अजून दुखतायत! हसत होता की रडत होता, कळलं नाही. मलाही माझं कळलं नाही.

१७ एप्रिल

व्हर्नेलचा फोन. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमच्यावर विश्वास ठेवला होता मी, कोच. आता पुन्हा माझ्या दारात यायचं नाही."

फोन ठेवून दिला तिने. तिचं चुकत नाही. शब्द मी मोडला. तरी उद्या पोराने पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच सांगेन.

६ मे

जेरिकोने नाव दिलं. बोमननी बोलावून घेतलं. पुढचा हंगाम माझा शेवटचा! शांतपणे सांगितलं, कॉफीही पाजली.

घरी येऊन आर्डिसला म्हटलं, "टोमॅटो लावायला वेळ मिळेल." ती म्हणाली, "तू? लावशील आणि पाणी घालायला विसरशील!"

२२ मे

जिम रिकामी वाटते. नव्या पोरांचा आवाजच घुमत नाही. पण रडगाणं नको. किती प्रशिक्षक म्हातारे होतात आणि असा एक खेळाडू बघायला मिळत नाही. मला दोन वर्षं मिळाला. रोज, फुकट, पहिल्या रांगेतून!

३ जून

जेरिकोचा फोन, शिकागोहून. प्रो संघांनी तिथे पोरांना पारखायला बोलावलंय. "कोच, काल एकाने मला पार लोळवलं! लागोपाठ तीनदा!" आवाजात नुसता आनंद. उद्यापासून डॉक्टरी तपासण्या म्हणे, रक्तापासून छातीपर्यंत सगळ्या. "घोड्याचे दात बघतात तसं चाललंय, कोच."

आई अजून माझं नाव काढू देत नाही म्हणाला.

८ जून

पहाटे फोन. व्हर्नेल! शिकागोहून. आधी नुसतं रडणं.

छातीच्या तपासणीत सापडलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगलीय. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून दर वर्षी पास केलेला पोरगा! तिथला डॉक्टर तिला म्हणाला, आणखी एक हंगाम खेळला असता तर कुठल्या तरी सामन्यात कोर्टवरच कोसळला असता. परवा ऑपरेशन. नीट झालं तर म्हातारा होईपर्यंत जगेल. खेळणं मात्र बंद. कायमचं.

"मी त्याला तिथेच ठेवणार होते, कोच," ती म्हणाली. "तुमच्याच जिममध्ये." मग, "तुम्ही या. तो तुमचं नाव घेतोय. मलाही एकटीला हे होत नाहीये."

कशासाठी रडू, कळत नाही. खेळ गेला त्याचा. पोरगा आहे! आहे!

आर्डिस गाडीत जाऊन बसलीसुद्धा. हॉर्न वाजवतेय.