विसाव्याची जागा

३ फेब्रुवारी, देवपूर
ह्यांनी पुन्हा पेज थुंकली. चादर बदलली, पाठीची जखम पुसली, कूस पालटली. अर्धांगवायूने वाचाही नेली. बघतात, पण मी दिसते की नाही देव जाणे.
चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले. जळगावला सिस्टर्सच्या आश्रमात एक खाट रिकामी आहे, लवकर कळवा म्हणाले. चहा दिला, उत्तर दिलं नाही. जन्मभर दवाखान्यात नर्स म्हणून परक्यांचं केलं, आता नवरा दुसऱ्याच्या हवाली करू? देवाने मला ह्याच कामाला ठेवलंय. एवढं म्हटल्यावर जीव शांत व्हायला हवा. नाही झाला. संतापच आला, तोही कुणावर ते…

५ फेब्रु.
शेजारच्या अक्काचं पोट पुन्हा पाण्याने फुगलंय. डॉक्टरांनी हात टेकलेत. दुपारी हे झोपले की तिच्यापाशी बसते, तेवढंच माझं बाहेर जाणं. आज म्हणाली, तुझ्या देवाचं काही वाच. मी विसाव्याचं वचन काढलं. थकल्याभागल्यांना प्रभू बोलावतो, विसावा देतो, ते.
दारात तिचा मुलगा नाना. चेहरा उतरला. "सिस्टर, मनी माय आजून जित्ती शे. विसावानं नाव काबर काढं?"
घरी आल्यावर डोक्यात उजेड पडला. स्मशानाच्या वाटेत तिरडी खाली ठेवतात, तो इथल्या हिंदूंचा विसावा. इतकी वर्षं देवपुरात काढून मला सुचू नये! आता कुठल्या तोंडाने जाऊ तिच्याकडे. जायचंच नाही.

७ फेब्रु.
अक्कानेच बोलावलं. नाना दारातून बाजूला झाला. मी माफी मागायला लागले तर तिने हातानेच गप्प केलं.
"येडी शे तू. मढं काय थकस का? विसावा खांदावालासना ऱ्हास."
खरंच, तिरडी खाली ठेवतात ती खांदेकऱ्यांसाठी. मग बराच वेळ धाप. पुढे म्हणाली, "तू थकी गयी शे, माय. थोडं खाले ठेव."
रडले. तिच्या पलंगाच्या काठावर डोकं टेकून, मरणाऱ्या बाईसमोर. लाजही वाटली नाही. हे वचन मी आयुष्यभर खाटाखाटांवरून वाटत फिरले. त्यात मला बोलावलंय असं कधी मनातच आलं नाही. प्रभू म्हणजे काम सांगणारा मालक, केलं तर बरा, नाही तर नाराज, एवढीच माझी ओळख. नुसतंच प्रेम करत असेल तर?
घरी आले तो ह्यांचं अंथरूण ओलं. खांदेकरी मी, तर मग तिरडीवर कोण? शी. लिहून गेले. खोडत नाही.

८ फेब्रु., रविवार
सकाळी अक्का गेली. उपासना चुकली.
विसाव्यापर्यंत बायका जातात, मीही गेले. पांझरा नदीच्या अलीकडे तिरडी ठेवली. पुढचे खांदेकरी मागे झाले, मागचे पुढे. नानाचा खांदा दुसऱ्याने घेतला तसा तो हात सोडून नुसता उभा राहिला. मग माझ्याकडे आला. त्या दिवशी वाचलेलं आता म्हणा, म्हणाला.
लहानपणापासून पाठ, तरी मध्येच अडकले. शेवटी एवढंच म्हटलं, तो बोलावतोय, ये म्हणतोय. नानाने मान हलवली. पुरुष पुढे गेले. आम्ही परतलो.

९ फेब्रु.
पाळकसाहेबांचा फोन. खाट आजच्यापुरती राखलीय. विचारून सांगते म्हटलं. कुणाला, म्हणाले. ह्यांना, म्हटलं. दुपारनंतर पुन्हा फोन करतो म्हणाले.
दुपारी उशाशी बसून ह्यांना जळगावचं सगळं सांगितलं. दर रविवारी येईन म्हटलं. आणि म्हटलं, "थकले हो मी." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. वाटलं होतं जीभ झडेल, तसं काही झालं नाही.
ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अजून हलणारा डावा हात चाचपडत आला, माझं मनगट धरलं. तिकडे ने म्हणतात की नको म्हणतात, कळत नाही. फोन मघापासून वाजतोय. अक्षर वाकडं येतंय, उजवा हात ह्यांच्या मुठीत आहे.