मामाचा रकाना

४ मार्च
आज पुन्हा! औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत होतो. 'औ' काढताना छाती धडधडायला लागली. मिनिटाला ११८ ठोके. अक्षराची कड बिघडली. उतरून पायरीवर बसलो. दुसऱ्या शिडीवरून मामा ओरडला, “मेलास का रे? नसशील तर टर्पेंटाइन दे वर!”

५ मार्च
धडधाकट माणसाचे ठोके कसे असतात ते कळायला हवं. मामाने रंगाने माखलेला हात पुढे केला— “घे, नमुना बघ! साठीचा आहे, पण घोडा आहे.” वहीत दोन रकाने आखले. एक माझा, एक त्याचा.
त्याचे मोजायला जमलंच नाही. दोन ठोके, मग काहीच नाही, मग तीन घाईघाईने. माझंच बोट चुकतंय. ९६ लिहून त्यावर रेघ मारली.

६ मार्च
माझे ८८. चहानंतर ११२. मामाचे पुन्हा चुकले. रेघ.

७ मार्च
मामाचे तसेच. रेघ. मामी म्हणाली, “वह्या काय भरतोस? दवाखान्यात जा की!” जाण्याचीच तर भीती वाटते. उद्या जातो.

८ मार्च
डॉक्टरबाईंनी वही पानन् पान वाचली. हसल्या नाहीत! छातीला तारा लावून आलेख काढला— नीट आहे. उपाशीपोटी चार कप कडक चहा, अपुरी झोप आणि काळजी, एवढंच. म्हणाल्या, “पण छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली किंवा शुद्ध हरपली, तर वही भरत बसायचं नाही. ताबडतोब यायचं.” किती हलकं वाटलं!
मग त्यांचं बोट थांबलं. “हे खोडलेलं कोणाचं?”
“मामाचं. माझं बोट चुकतं.”
“तिन्ही दिवस एकसारखंच? बोट नाही चुकत तुमचं. त्यांना आत्ता घेऊन या.”
शाळा सातवीत सुटली. पुढची अक्षरं मामाने हातात ब्रश देऊन शिकवली. वर एक सक्त नियम— वहीतली चूक बुजवायची नाही, एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं. तेवढं पाळलं, म्हणून बाईंना वाचता आलं.

९ मार्च
मामा इस्पितळात. ठोक्यांचा ताल बिघडलाय. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या सुरू केल्या. “वेळेवर आणलंत,” तिथले डॉक्टर म्हणाले. मामी माझा हात सोडेना.

१२ मार्च
मामा घरी आला. शिडी बंद. म्हणाला, “दोन महिने वर चढलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तुला सांगितलं असतं, तर तुझीच छाती धडधडली असती.”
वही उघडली. माझा रकाना चार दिवस कोरा. आत्ता लक्षात आलं.