चौदा नंबरचं मॉवर

१४ जून २०२०, रविवार
शेजारच्या केव्हिनआजोबांनी शेडमधलं जुनं राइड-ऑन मॉवर बाबांना देऊन टाकलं. वर बसून गवत कापायचं यंत्र, चार वर्षं बंद. "रेसिंग मॉवर करू या, मेट!" म्हणाले. बाबा फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी सिडनीला आले, विमानं बंद झाली आणि माझ्याकडे ब्लॅकटाउनलाच अडकले. आई नागपुरात एकटी. माझी वेस्टमीडच्या लॅबमध्ये कोविड सॅम्पलची ड्यूटी, म्हणून बाबा मागच्या खोलीत, मी पुढे, मध्ये जाळीचं दार. आज किती दिवसांनी त्यांनी आपणहून काही मागितलं. पाना. छत्तीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक होता हा माणूस.

१९ जून, शुक्रवार
केव्हिन रोज कुंपणावरून विचारतो, "हाउ यू गोइंग?" बाबा रोज गंभीरपणे सांगतात, "नो फ्लाइट." त्यांना वाटतं, घरी कसे जाणार विचारतोय. केव्हिनला वाटतं विनोद आहे. पोट धरून हसतो. मी खरा अर्थ, 'कसे आहात', सांगणार होते, नाही सांगितला. कोणीतरी रोज आपल्या जाण्याची चौकशी करतंय, एवढंच सुख आहे त्यांना.

२७ जून
पाती काढली. रेसिंगचा पहिला नियम म्हणे. बाबा: "गवत न कापणारं गवत कापायचं मशीन! काय लोक आहेत बाप्पा!" पण खूश. पुली बदलली, इंजिनाला मोठी, चाकाकडे लहान. म्हणजे पळेल. मी मास्क लावून लांबून टॉर्च धरला. "वर. अजून वर. झोपलीस का?" लहानपणी ओरडायचे अगदी तसं. मास्कने नाक तेवढं झाकलं, डोळ्यांचं काय.

५ जुलै
निळा रंग. त्यावर पांढऱ्यात १४.
केव्हिन: "व्हाय फोर्टीन?"
"बर्थडे."
"युअर्स?"
"आमच्या सगळ्यांचा."
यंदाच्या चौदा एप्रिलला वंदना जाळीच्या अलीकडे-पलीकडे बसून घेतली होती आम्ही. आईला व्हिडिओवर मॉवर दाखवलं. "छान. माझी शिलाई मशीन मात्र चाळीस वर्षांत दुरुस्त झाली नाही." मग, "जेवतात ना गं नीट?"

९ जुलै
मेल आला. दिल्लीच्या विशेष विमानात बाबांना सीट. रविवारी दुपारपर्यंत कळवा.
बाबांना सांगितलं नाही. दिवसभर लॅबमध्ये स्वतःची लाज वाटत राहिली. आई एकटी आहे, कळतं मला. पण मला बाबा हवेत.

११ जुलै, शनिवार
सांगितलं. ग्रीसचे हात तसेच धरून उभे राहिले.
"कधी आला?"
"परवा."
रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मग आजच चालवून बघू. बस."
किल-स्विचची दोरी माझ्या मनगटाला बांधली. "पडलीस की दोरी सुटते, इंजिन आपोआप बंद. मी असो-नसो." मार्चनंतर पहिल्यांदा त्यांचा हात लागला मला. ग्रीस अजून आहे, धुतलेलं नाही.
बॅकयार्डला तीन फेऱ्या. लिंबाचं झाड थोडक्यात वाचलं. बाबा टाळ्या वाजवत मागून पळत होते, अडुसष्टाव्या वर्षी!
कुंपणावरून केव्हिन: "हाउ यू गोइंग, मेट?"
बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनगटाची दोरी अजून सोडली नव्हती.
"नॉट येट," म्हणाले.
उद्या दुपारपर्यंत उत्तर द्यायचंय. मेल उघडून ठेवलाय.