मंडई झाल्यावर पाहू

प्रिय नीलिमा,

परवा तू बाबांशी फोनवर जे बोललीस ते मी चुलीपाशी बसून ऐकत होते. बाबांच्या फोनमधलं बोलणं गल्लीपर्यंत जातं, हे तुला ठाऊक आहेच. तू म्हणालीस, 'भाऊबीजेले माहेरी आली तं माझा चहा मलेच करावा लागला, वहिनी धावाले गेली होती.' उत्तर मी तेव्हाच दिलं असतं, पण तू स्पीकर लावून ठेवतेस आणि तुझी सासू शेजारी बसून मान डोलावते. आपले मुखरूभाऊ उद्या वरोऱ्याला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. एकटीच वाच.

तुझी वहिनी दिव्यानी हौसेपोटी धावत नाही, नीलू. तिला वनरक्षक व्हायचं आहे. लेखी परीक्षा ती पास झाली, तीही धानाच्या रोवणीच्या चिखलातून घरी आल्यावर पुस्तक उघडून. आता धावण्याची चाचणी तेवढी उरली. पहाटे रस्त्यावर वाघाची भीती, म्हणून ती गावालगत शेतांना पाणी देणाऱ्या नहराच्या पाळीवर धावते आणि मी काठी घेऊन तिथेच बसते. वाघ काही माझ्या काठीला भिणार नाही, हे मलाही कळतं. पण माणसाला माणसाची सोबत लागते. शेजारच्या रुखमाने तर हसत हसत विचारलंच, 'काऊन वो बाई, वाघाले न्याहारी घेऊन चालली का?' मी म्हटलं, एकटी पुरणार नाही त्याला, तूही चल. तेव्हापासून ती दुसऱ्या रस्त्याने जाते.

पावसाळाभर या पोरीने धावणं चुकवलं नाही. घात केला तो सणासुदीने. दिवाळी सरली नि गावोगाव मंडयांच्या जत्रा सुरू झाल्या. बाबांचं एकच पालुपद, 'मंडई झाल्यावर धाव म्हना तिले, मंडई का रोज येते?' अगं, रोजच येते! आज मावशीच्या गावची, चार दिवसांनी आत्याच्या गावची, मग आपली, मग आणखी कोणाची. दिवसा दुकानं, रात्री नाटक आणि घरोघरी पाहुणे. माघ लागला तरी कुठे ना कुठे मंडप उभाच असतो. गेलं नाही तर रुसवे, आणि गेलं तर ते सगळे आपल्याकडे जेवायला येणार. मावशीकडच्या मंडईला प्रफुल तिला हट्टाने घेऊन गेला. परत आली ती थेट पाहुण्यांचे वडे तळायला उभी राहिली, आणि दुपारपर्यंत पाय सुजले. तुझा भाऊ मात्र अंगणात खाटेवर बसून सांगतोय, 'आमची बायको गार्ड होनार हाय!' होणार कशी, वडे तळून?

मग एके दिवशी ती उठलीच नाही. मी काठी घेऊन दाराशी उभी, आणि आतून आवाज आला, 'आई, राहू द्या ना. मंडई झाल्यावर पाहू.' बाबांचेच शब्द हिच्या तोंडी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग तिचा नाही आला, आपला सगळ्यांचा आला. कोणी तिला नको म्हटलं असतं तर ती भांडली असती, मला माहीत आहे ती किती भांडखोर आहे. पण नको कोणीच म्हटलं नाही. सगळ्यांनी गोड बोलून, आग्रह करकरून, ताटात वाढून वाढून तिला खाली बसवलं. त्या दिवशी मी तिला दंड धरून उठवलं. धावली ती, पण रडत धावली.

आता खरी गोष्ट ऐक. तिची चाचणी नेमकी आपल्या मंडईच्या दिवशी आहे, चंद्रपूरला. आणि यंदा नाटकाच्या सगळ्या मंडळींचं जेवण बाबांनी आपल्या घरी ओढवून घेतलंय, मला एका शब्दाने न विचारता. गावात मान वाढतो म्हणे. मग बापलेकांनी ठरवून टाकलं, 'पुढच्या भरतीले जाऊ दे तिले.' पुढची भरती काय मंडई आहे, दरवर्षी यायला? ती निघेल तेव्हा हिचं वय बसेल का, हे दोघांपैकी एकाने तरी विचारलं?

मी तिला घेऊन चंद्रपूरला जाते आहे, आदल्या दिवशीच्या बसने. आमच्या जागी चुलीपाशी तू हवीस, म्हणून हे पत्र लिहिलं. माहेरी आलेली लेक मंडईला कामाला हात लावत नाही, हा रिवाज मला सांगू नकोस. एका लेकीने बसून खावं म्हणून दुसऱ्या कोणाची तरी लेक उभी राहते, तोच हा रिवाज. जावयांनाही आण, मटण ते छान करतात असं तूच सांगत असतेस. बाबांना मी अजून काही बोललेले नाही. तू आलीस तर मला फार आनंद होईल. नाही आलीस तरी आम्ही दोघी जाणारच, आणि नाटकवाल्यांच्या ताटात काय वाढायचं ते तुझे बाबा पाहतील.

रागावलेली असले तरी तुझीच,
आई